‘आफ्रिकन साग’ म्हणजे नेमकं कोण? नाशिकमध्ये बसून एका आफ्रिकी वृक्षाचं नाव आणि नकाशा कसा काढायचा

वखारीत जाऊन ‘आफ्रिकन साग’ मागितला तर समोर येणारी फळी तीन वेगवेगळ्या झाडांपैकी कुठल्याही एकाची असू शकते. एक खराखुरा साग, म्हणजे पेठ-सुरगाण्याच्या रानात उभा आहे तोच, फक्त घाना, आयव्हरी कोस्ट, बेनिन किंवा टांझानियाच्या लागवडीतून आलेला. दुसरा इरोको, वड-उंबराच्या कुलातला. आणि तिसरा अफ्रोर्मोसिया, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या वर्षावनात ५० मीटरपर्यंत चढणारा, शेंगा धरणारा वृक्ष, आपल्या पळस-करंजाच्या उपकुलातला. पहिल्या दोघांशी त्याचं काही नातं नाही. नाव मात्र तिघांना एकच.

वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी, फर्निचरवाले, विनियरचा धंदा करणारे आणि झाडांचा नाद असलेले, सगळ्यांना कधी ना कधी या तिसऱ्या झाडाचा माग काढावा लागतो. त्याचं आजचं मान्य नाव कोणतं, ते का बदललं, आणि ते आफ्रिकेत नक्की कुठे कुठे वाढतं? आफ्रिकेत न जाता याचं उत्तर काढता येतं. लागतो एक लॅपटॉप, बरं इंटरनेट, क्यूजीआयएस हे फुकट मिळणारं नकाशाचं सॉफ्टवेअर, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि तीन-चार संध्याकाळी. भिंग सराफ बाजारात मिळतं, सोनार हिरे पारखायला वापरतात तेच.

आधी फळी बघा

हातात लाकूड नसेल तर हा भाग सोडून पुढे जा. असेल तर फळीचं टोक, म्हणजे जिथे आडवा छेद दिसतो ती बाजू, नव्या ब्लेडने नखाएवढी साफ करा. जुन्या ब्लेडने तंतू चिरडतात, छिद्रं बुजतात आणि मग काहीच दिसत नाही. ओल्या बोटाने जागा किंचित भिजवा आणि भिंग डोळ्याला लावून फळी जवळ आणा. भिंग फळीवर ठेवून डोळा लांब धरणं ही नवख्यांची हमखास चूक.

सागात प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग दिसते. इरोको आणि अफ्रोर्मोसियात छिद्रं सगळीकडे विखुरलेली असतात. इथपर्यंत साग वेगळा पडला. आता फळी वळवून सालीला समांतर असलेली उभी बाजू बघा. अफ्रोर्मोसियात तिथे बारीक आडव्या रेषा एकाखाली एक दिसतात, शांत पाण्यावर वाऱ्याने उठाव्यात तशा. लाकडातले किरण, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे जाणारे पेशींचे पट्टे, मजल्यांसारखे रचलेले असतात म्हणून हे होतं. इरोकोत ही रचना नसते. त्याच्या लाकडात उलट चुनखडीचे कठीण खडे सापडतात आणि करवतीचे दात बोथट होतात. सुताराने ‘लाकडात दगड लागला’ म्हटलं तर इरोकोचा संशय घ्यावा.

आणखी एक खूण पावसाळ्यात आपोआप दिसते. ओल्या अफ्रोर्मोसियात साधा लोखंडी खिळा राहिला तर त्याच्याभोवती निळसर काळा डाग पसरतो. लाकडातलं टॅनिन आणि लोखंड यांचा हा संयोग. म्हणून त्याला पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू मारतात. पण टॅनिन इतर लाकडांतही असतं, तेव्हा काळा डाग पुरावा म्हणून धरू नका. भिंगाने संशयापर्यंत पोचता येतं. लेखी खात्री हवी असेल तर बेंगळुरूच्या लाकूड विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी तुकडा पाठवावा.

नावाचा माग

इथे मराठीतली एक अडचण आधी मिटवू. वर्तमानपत्रं ‘प्रजाती’ हा शब्द वाटेल तसा वापरतात. वनस्पतिशास्त्रात दोन भागांच्या नावातला पहिला भाग प्रजाती आणि दुसरा त्यातली जाती दाखवतो. खाली हाच अर्थ धरला आहे.

‘अफ्रोर्मोसिया’ हे बाजारी नाव म्हणून आज चालतं, पण मुळात ते प्रजातीचं शास्त्रीय नाव होतं. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हार्म्स यांनी या झाडाला अफ्रोर्मोसिया इलाटा म्हटलं. इलाटा म्हणजे उंच. त्याच्या आधीच, १८६४ मध्ये, श्रीलंकेच्या पेरादेनिया उद्यानाचे प्रमुख थ्वेट्स यांनी तिथल्या एका झाडासाठी पेरिकॉप्सिस ही प्रजाती मांडली होती. १९६२ मध्ये मेउवेन यांनी ब्रुसेल्सच्या सरकारी वनस्पती उद्यानाच्या नियतकालिकात दाखवून दिलं की आशियातली पेरिकॉप्सिस आणि आफ्रिकेतली अफ्रोर्मोसिया या दोन प्रजाती नाहीतच. दोन्ही एक झाल्यावर जुनं नाव टिकतं, हा नामकरणाचा नियम. म्हणून आजचं नाव पेरिकॉप्सिस इलाटा. लाकडाच्या व्यापाऱ्यांना या घडामोडीशी कर्तव्य नव्हतं, त्यांनी जुनंच नाव चालू ठेवलं.

हे सगळं नावाच्या शेपटातच लिहिलेलं असतं. पूर्ण नाव ‘पेरिकॉप्सिस इलाटा (हार्म्स) मेउवेन’ असं येतं. कंसातला माणूस जाती पहिल्यांदा मांडणारा, कंसाबाहेरचा ती आजच्या प्रजातीत हलवणारा. कंस गाळला तर सगळं श्रेय मेउवेन यांच्याकडे जातं आणि नाव चुकतं. प्रबंधांत ही चूक इतकी दिसते की परीक्षकांनीही बघणं सोडलं असावं.

प्रत्यक्ष काम असं करा. आयपीएनआय या वनस्पतिनामांच्या सूचीत रोमन लिपीत नाव टाका. तिथे नाव कधी, कुठे, कोणत्या पानावर छापलं ते मिळेल. सगळी नावं, मान्य आणि अमान्य, एकाच रांगेत असतात, ती सूची निवाडा करत नाही. निवाड्यासाठी लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या ‘प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’वर जा. तिथे मान्य नाव, त्याखाली समानार्थी नावं आणि देशांची यादी दिसेल. समानार्थी नावं एकूण एक कागदावर उतरवून घ्या, पुढे नोंदी शोधताना ती सगळी लागतात. स्पेलिंगकडेही लक्ष द्या. बाजारात ‘अफ्रोमोसिया’ असं दुसरा र गाळून लिहिलेलं सर्रास सापडतं आणि त्या स्पेलिंगने शोधलं तर हाती काही लागत नाही.

मूळ नमुन्याची, म्हणजे नाव मांडताना आधार धरलेल्या नमुन्याची, चौकशी करताना बर्लिनच्या हर्बेरियमचा (वाळलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयाचा) मोठा भाग मार्च १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला हे ध्यानात ठेवा. हार्म्स यांच्यासारख्या बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी मांडलेल्या नावांचा मूळ नमुना तिथेच असेल असं गृहीत धरून लिहू नये. नंतर दुसरा नमुना प्रमाण म्हणून निवडला गेला आहे का, ते प्रत्येक नावापाशी तपासावं.

उपकुलाबद्दल एक गोष्ट. जुन्या पाठ्यपुस्तकांत शिंबावंत कुलाची, म्हणजे शेंगा धरणाऱ्या झाडांच्या कुलाची, तीन उपकुलं आहेत: पलाश, संकेश्वर आणि शिरीष. २०१७ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांच्या गटाने ही मांडणी बदलली आणि सहा उपकुलं केली. शिरीष-बाभळीचा गट संकेश्वर उपकुलात सामावला. आपट्याचं उपकुल वेगळं झालं, चिंचेचंही वेगळं. अफ्रोर्मोसिया मात्र होता तिथेच, पलाश उपकुलात, राहिला. दुसरं आफ्रिकी झाड निवडणार असाल तर इथे सावध राहा. मध्य आफ्रिकेत मैलोगणती जंगल व्यापणारा लिंबाली हा वृक्ष जुन्या पुस्तकांत संकेश्वर उपकुलात सापडेल, आज तो चिंचेचा भाऊबंद आहे.

पान आणि शेंग हातात घेऊन शिका

हर्बेरियमच्या वाळलेल्या नमुन्यांचे फोटो बघून ओळख पटवायची असेल तर डोळा आधी जवळच्या झाडांवर तयार करावा. त्यासाठी करंज आणि शिसव ही जोडी उत्तम. दोन्हींच्या संयुक्त पानाच्या टोकाला एकटी पर्णिका असते. करंजात बाकीच्या पर्णिका समोरासमोर जोडीने लागतात. शिसवीत त्या एकाआड एक, पायऱ्यांसारख्या लागतात. अफ्रोर्मोसियाचं पान शिसवीच्या चालीचं, एकाआड एक, बहुधा ७ ते ११ पर्णिकांचं. शेंगही शिसवीची आठवण करून देणारी, चपटी, आपोआप न उकलणारी, थोड्याच बियांची. फक्त लांबीला बरीच मोठी, १७ सेंटिमीटरपर्यंत.

मग शिसव आणि अफ्रोर्मोसिया वेगळे कसे? फुलात बघावं लागतं. शिसवीचे पुंकेसर तळाशी एकमेकांना चिकटलेले असतात. अफ्रोर्मोसियाचे दहाही पुंकेसर सुटे असतात. वाळलेल्या फुलात हे दिसत नाही. फूल गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवून मऊ करावं आणि दोन सुयांनी पाकळ्या बाजूला साराव्यात. कोरडं फूल उघडायला गेलं तर त्याचा भुगा होतो आणि नमुना कायमचा जातो. हा सराव आपल्या शिसवीच्या फुलांवर करा, कुठल्याही कॉलेजच्या जुन्या नमुन्यावर नको.

नोंदी उतरवणं

झाड कुठे कुठे सापडलं, त्या प्रसाराच्या नोंदींसाठी जीबीआयएफ हे जागतिक भांडार वापरतात. फुकट खातं उघडा, जातीचं मान्य नाव निवडा आणि तीन गाळण्या लावा: वाळवलेला नमुना, अक्षांश-रेखांश असलेली नोंद, आणि ज्या नोंदींच्या जागेत भांडाराला दोष आढळलेला नाही अशा. डाउनलोड मागितलं की त्याला कायमचा डीओआय क्रमांक मिळतो. तो लगेच वहीत लिहा. महिन्याभराने तोच शोध केला तर आकडा वेगळा येतो, आणि आपला आकडा कुठून आला हे सांगायला हा क्रमांकच कामी येतो.

आता पहिला खड्डा. ‘सिंपल’ प्रकारची फाइल नावाला सीएसव्ही असते, पण तिच्यात रकाने स्वल्पविरामाने नव्हे, टॅबने वेगळे केलेले असतात. डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की सगळं एकाच रकान्यात कोंबलं जातं, नाहीतर फ्रेंच गावांच्या नावांची अक्षरं फुटतात. एक्सेलच्या डेटा मेनूतून ‘फ्रॉम टेक्स्ट’ने आणा, टॅब निवडा आणि एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा.

आफ्रिकेपुरतं ‘रेनबायो’ हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेलं संकलनही बघावं. उष्ण कटिबंधीय आफ्रिकेच्या ६ लाखांहून जास्त नोंदी त्यात तपासून घेतलेल्या आहेत. पडताळणीला तो चांगला आधार.

दोष काढणं, म्हणजे खरं काम

उतरवलेल्या नोंदी तशाच नकाशावर टाकणं म्हणजे बाजारातून आणलेली मेथी न निवडता भाजीला घालणं. निवडायला बसा.

पहिला दोष एकाच झाडाच्या पाच-पाच नोंदी. संग्राहक एका झाडाच्या अनेक फांद्या तोडतो, सगळ्यांना एकच क्रमांक देतो आणि क्यू, पॅरिस, मेसे, लायडन अशा वेगवेगळ्या हर्बेरियमांना वाटतो. भांडारात त्या वेगळ्या नोंदी म्हणून येतात. संग्राहकाचं आडनाव, क्रमांक आणि तारीख हे तीन रकाने जोडून एक नवा रकाना करा आणि त्यावरून दुबार नोंदी काढा. आद्याक्षरं यात घेऊ नका. एक हर्बेरियम ‘जे.’ लिहितं, दुसरं ‘जे. जे.’, आणि दुबार नोंद निसटते.

दुसरा दोष शून्याचा. अक्षांश-रेखांश नसलेल्या नोंदीत कुणी दोन्हीकडे ० भरून ठेवलं तर ठिपका घानाच्या किनाऱ्यापासून सुमारे ६०० किलोमीटरवर, गिनीच्या आखातात पडतो. भारतातल्या झाडाचा ठिपका असा पडला तर लगेच डोळ्यांत खुपतो. आफ्रिकी वर्षावनाच्या झाडाचा मात्र बरोबर त्याच्या प्रदेशाच्या कुशीत पडतो आणि लहान नकाशावर खपून जातो.

तिसरा दोष सर्वांत कपटी, वजाचिन्हाचा. आयव्हरी कोस्ट आणि घानाचा बहुतेक भाग शून्य रेखावृत्ताच्या पश्चिमेला आहे, म्हणजे रेखांश ऋण. आयव्हरी कोस्टच्या पूर्वेकडचं आबेंगुरू गाव साधारण ६.७ उत्तर, उणे ३.५ वर आहे. उणे गळालं की ठिपका उडी मारून नायजेरियात, लागोसच्या उत्तरेला जाऊन बसतो. आणि अफ्रोर्मोसिया नायजेरियातही वाढतो! म्हणजे ‘देश यादीत आहे का’ ही तपासणी हा दोष पकडतच नाही. प्रत्येक ओळीत लेबलवरचा देश आणि ठिपका पडलेला देश जुळतो का ते बघणं एवढाच उपाय. क्यूजीआयएसमध्ये देशांच्या सीमांचा थर घेऊन ‘जॉइन अॅट्रिब्यूट्स बाय लोकेशन’ चालवा, दोन रकाने शेजारी ठेवा आणि न जुळणाऱ्या ओळी लाल करा.

अंश-कला दशांशात करताना होणारी चूकही याच जातीची. ३ अंश ३० कला म्हणजे ३.५, ३.३० नाही. कलेला ६० ने भागायचं असतं. इथे १२ कलांचा फरक पडला, म्हणजे विषुववृत्ताजवळ सुमारे २२ किलोमीटर.

चौथा दोष देशाच्या मध्याचा. जुन्या लेबलवर नुसतं ‘काँगो’ असेल तर संगणक देशाच्या मध्यावर ठिपका ठेवतो. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाचा, म्हणजे किन्शासावाल्या मोठ्या काँगोचा, मध्य सुमारे ३ अंश दक्षिणेला येतो. अफ्रोर्मोसियाचा तिथला मुख्य मुलूख किसनगानीच्या आसपास, विषुववृत्ताजवळ. ठिपका ४०० किलोमीटर चुकतो. एकाच बिंदूवर अनेक नोंदी रचलेल्या दिसल्या की त्या बाजूला काढा.

लेबलं वाचताना जुनी नावं पाठ असावीत. स्टॅन्लेव्हिल म्हणजे किसनगानी, लेओपोल्डव्हिल म्हणजे किन्शासा. गोल्ड कोस्ट १९५७ पासून घाना आहे, दाहोमे १९७५ पासून बेनिन. उबांगी-शारी म्हणजे आजचं मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक. १९७१ ते १९९७ मधल्या लेबलांवर झाईर असेल. ब्रिटिश कॅमेरून असेल तर थांबा: १९६१ मध्ये त्याचा उत्तर भाग नायजेरियात आणि दक्षिण भाग कॅमेरूनमध्ये गेला. गावाचं नाव कळल्याशिवाय देश भरू नका.

शेवटचा दोष ओळखीचा, आणि तो संगणकाला सापडत नाही. आफ्रिकेत पेरिकॉप्सिसच्या तीन जाती आहेत. इलाटा वर्षावनाच्या निमपानझडी पट्ट्यात वाढते. लॅक्सिफ्लोरा हे सेनेगलपासून पूर्वेकडे पसरलेल्या सवानातलं लहान झाड. अँगोलेन्सिस दक्षिणेकडच्या कोरड्या विरळ वनांत. टोगो-बेनिनमध्ये ‘इलाटा’चा ठिपका पडला तर ते बहुधा लॅक्सिफ्लोरा असतं. मोठ्या काँगोच्या दक्षिण टोकाला, कटांगात पडला तर अँगोलेन्सिस. नमुन्याचा फोटो उघडून शेंग-पान बघा, लेबलवर ‘सवाना’ किंवा ‘झुडपी रान’ लिहिलंय का तेही वाचा. लागवडीतल्या झाडांचे नमुनेही असेच उघडे पडतात: ‘प्लांटेशन’, ‘आर्बोरेटम’ हे शब्द दिसले की ती नोंद नैसर्गिक प्रसारातून वगळायची.

नकाशा

निवडलेली फाइल क्यूजीआयएसमध्ये ‘डिलिमिटेड टेक्स्ट’ म्हणून आणा. एक्स म्हणजे रेखांश, वाय म्हणजे अक्षांश. उलट झालं तर किसनगानीचं झाड थेट अल्जीरियाच्या सहारात उगवतं, त्यामुळे ही चूक निदान हसवून जाते. अक्षांश-रेखांशांची प्रणाली ईपीएसजी ४३२६ ठेवा.

ठिपके बरोबर पडले तर चित्र सलग दिसणार नाही, आणि दिसू नये. आयव्हरी कोस्ट आणि घानात एक तुकडा, नायजेरियात दुसरा, मग आग्नेय कॅमेरून, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक आणि ब्राझाव्हिलवाल्या लहान काँगोच्या उत्तर भागाला धरून तिसरा, आणि मोठ्या काँगोत चौथा. घाना आणि नायजेरियाच्या मधे टोगो-बेनिनमध्ये सवाना थेट समुद्रापर्यंत उतरतो आणि वर्षावनाचा पट्टा तोडतो. त्याला दाहोमे खिंडार म्हणतात. तुकड्यांभोवती एकच मोठी रेघ ओढून आत रंग भरला तर हे खिंडार झाकलं जातं. सुंदर दिसतो म्हणून असा नकाशा छापू नका.

क्षेत्रफळ मोजायचं असेल तर अंशांत मोजू नका. नाशिकच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटर भरतो, विषुववृत्तावर १११. आधी थर समक्षेत्र प्रक्षेपणात, म्हणजे क्षेत्रफळ बरोबर राखणाऱ्या नकाशा-पद्धतीत, बदला, आफ्रिकेसाठी ‘आफ्रिका अल्बर्स इक्वल एरिया’, ईएसआरआय १०२०२२. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या रीतीने व्याप्त क्षेत्र काढताना २ बाय २ किलोमीटरचे चौकोन धरतात. ज्या नोंदीची जागा नुसत्या पूर्ण अंशांत दिली आहे तिला या चौकोनांत बसवणं म्हणजे फसवणूक. तिच्यातली संदिग्धता शंभर किलोमीटरची असते. ती नकाशावर पोकळ ठिपक्याने दाखवा आणि मोजणीतून काढा.

हे सगळं लाकडाच्या ग्राहकालाही का लागतं? अफ्रोर्मोसिया १९९२ पासून साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. आधी ओंडके, चिरलेलं लाकूड आणि विनियर एवढ्यावर बंधन होतं, २०१९ च्या बैठकीत प्लायवूड आणि घडवलेलं लाकूडही त्यात आलं. सागावर असं बंधन नाही. म्हणून बिलावर ‘आफ्रिकन टीक’ एवढंच असेल तर शास्त्रीय नाव आणि मूळ देश लिहून मागा. नाव पेरिकॉप्सिस निघालं तर साइट्स परवान्याची प्रत मागा, आणि परवान्यावरचा मूळ देश तुमच्या नकाशावर आहे का ते बघा. टांझानियाचा अफ्रोर्मोसिया कुणी दाखवला तर एकतर नाव चुकलंय किंवा देश.

नकाशाखाली चार गोष्टी लिहा: जातीचं पूर्ण नाव, डीओआय क्रमांक, डाउनलोडची तारीख, आणि उतरवलेल्या, वगळलेल्या व उरलेल्या नोंदींचे तीन आकडे. वगळलेल्या ओळी पुसून टाकू नका. वेगळ्या पानावर, प्रत्येकीपुढे कारण लिहून ठेवा. सापडलेले दोष जीबीआयएफवर त्या त्या नोंदीच्या पानावरून संबंधित हर्बेरियमला कळवता येतात. इंग्रजीत दोन ओळी पुरतात: नमुना क्रमांक अमुक, रेखांशाचं उणे चिन्ह गळालं आहे.